सुईविना यकृतपरीक्षा : आकडा नेमके काय सांगतो?

हिपॅटायटिस बी किंवा सी चा विषाणू वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडून बसला, की यकृताच्या पेशी मरत राहतात आणि त्यांच्या जागी तंतुमय ऊती साचत जाते. जखम भरल्यावर कातडीवर व्रण राहतो, तसाच हा प्रकार. याला तंतुमयता म्हणतात. ती वाढून यकृताची रचनाच बिघडली, की त्या अवस्थेला सिऱ्होसिस म्हणतात. तंतुमयता किती आहे, यावर उपचाराचे अनेक निर्णय अवलंबून असतात. ती आता सुई न टोचता, पाच-दहा मिनिटांत मोजता येते, असे आपण वाचतो. 'सुईविना बायॉप्सी' असे या तपासणीचे वर्णनही केले जाते. तपासणी उपयुक्त आहे, यात शंका नाही. हे वर्णन मात्र आम्हाला मान्य नाही.

प्रथम जुन्या पद्धतीचा विचार करू. बायॉप्सीत बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा बारीक तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याला ० ते ४ अशी श्रेणी देतात. ० म्हणजे तंतुमयता नाही, ४ म्हणजे सिऱ्होसिस. यात रुग्णाला वेदना होतात, क्वचित रक्तस्रावही होतो. शिवाय हा तुकडा म्हणजे संपूर्ण यकृताचा सुमारे ५०,००० वा भाग. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच! यकृतातील व्रण तसा सारखा पसरलेला नसतो. तेव्हा बायॉप्सी हीदेखील अचूक कसोटी नव्हे. साध्या सोनोग्राफीत तर सुरुवातीची तंतुमयता बहुधा दिसतच नाही.

या अडचणीतून मार्ग काढणारे 'फायब्रोस्कॅन' हे उपकरण पॅरिसमधील एकोसेन्स या कंपनीने बनवले. त्यामागील पद्धतीचा शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. उपकरणाची टोकदार दांडी बरगड्यांमधील जागेवर टेकवून हलकासा ठोका देतात. त्याची कंपनसंख्या ५० हर्ट्झ असते. या ठोक्याने यकृतात अवतरंग निर्माण होतो आणि तो सेकंदाला एक-दोन मीटर अशा संथ गतीने आत जातो. श्राव्यातीत ध्वनी मात्र शरीरातून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने धावतो. त्यामुळे या संथ तरंगाचा प्रवास त्याला टिपता येतो. पदार्थ जितका ताठ, तितका हा तरंग वेगवान.

पुढचे गणित वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. काठिण्य = ३ × घनता × वेगाचा वर्ग. यकृताची घनता पाण्याइतकी, म्हणजे घनमीटरला १,००० किलोग्रॅम धरतात. वेग सेकंदाला १.३ मीटर असेल तर उत्तर येते सुमारे ५ किलोपास्कल. निरोगी यकृत साधारण एवढेच असते. वेग दुप्पट झाला तर आकडा चौपट, म्हणजे २० होतो. अशी किमान दहा मोजमापे घेऊन त्यांचा मध्यक सांगतात. मध्यक शिकवताना याहून चांगले उदाहरण कोणते? तपासला जाणारा भाग बायॉप्सीच्या तुकड्याच्या किमान शंभरपट असतो, हाही मोठा फायदा.

आता आमचा आक्षेप. उपकरण मोजते ते तरंगाचा वेग. त्यावरून काढले जाते ते काठिण्य. व्रण हा त्यावरून बांधलेला अंदाज! यकृत इतर कारणांनीही ताठ होते. विषाणूमुळे अचानक दाह वाढला, पित्ताचा मार्ग अडला, हृदय दुर्बल होऊन यकृतात रक्त तुंबले, तर व्रण नसतानाही आकडा सिऱ्होसिसच्या पातळीपर्यंत जाऊ शकतो. जेवणानंतरही तो थोडा वाढतो. म्हणून दोन-तीन तास उपाशीपोटी तपासणी करतात. जलोदर असेल तर या उपकरणाने तपासणी जमत नाही, कारण द्रवातून अवतरंग जात नाही. भूकंपाचे दुय्यम तरंग पृथ्वीच्या द्रवरूप बाह्यगाभ्यातून जात नाहीत, त्याचेही कारण हेच.

दुसरा घोटाळा एककाचा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९५ साली एमआरआयने असे तरंग पाहण्याची पद्धत मांडली. तिने यकृताचा बराच मोठा भाग पाहता येतो आणि स्थूल व्यक्तीतही ती बहुधा जमते. मात्र ती खर्चिक आहे. तिचाही निकाल किलोपास्कलमध्येच येतो. पण सूत्रातील ३ हा गुणक तिच्यात नसतो, म्हणून तिचे आकडे साधारण एक तृतीयांश येतात. एका तपासणीतील ५ हा आकडा निरोगी यकृताचा, तर दुसरीतील ५ गंभीर आजाराचा! एकक सारखे म्हणून राशी सारखी असे नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना नेहमीच सांगतो.

सर्वांत मोठा धोका उपचारानंतर आहे. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो. भारतात २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. विषाणू गेला की दाह ओसरतो आणि आकडा झपाट्याने उतरतो. व्रण मात्र तितक्या वेगाने जात नाही. 'आकडा १५ वरून ८ वर आला, आता काळजी नाही' असे समजून सिऱ्होसिस झालेल्या रुग्णाने दर सहा महिन्यांची सोनोग्राफी बंद केली, तर यकृताचा कर्करोग वेळेत लक्षात येणार नाही. चुकीच्या वर्णनाची किंमत अशी मोजावी लागते.

म्हणून ही तपासणी टाळावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या हिपॅटायटिस बी विषयीच्या मार्गदर्शनात तिला स्थान दिले आहे. १२.५ किलोपास्कलहून अधिक आकडा त्यात सिऱ्होसिसचा निदर्शक मानला आहे. सिऱ्होसिस नाही, हे सांगण्यात ती विशेष भरवशाची आहे. आहे, हे सांगताना मात्र रक्ततपासणी आणि रुग्णाची एकूण प्रकृती यांची जोड हवी. मधल्या आकड्यांबाबत आजही बायॉप्सीची गरज पडू शकते.

विद्यार्थी असा एखादा अहवाल घेऊन आला, तर त्याच्याकडून तीन प्रश्नांची उत्तरे काढून घ्यावीत, असे आम्ही सुचवतो : प्रत्यक्ष मोजले काय? त्यावरून अनुमान कशाचे केले? आणि त्या दोहोंमध्ये गृहीत काय धरले? आकड्याचा अर्थ डॉक्टरांनी सांगावा. तो अर्थ आकड्याहून वेगळा असतो, एवढे शिकवणे आपले काम आहे.