शीतगृह कारखाना, मग गोदाम कोण?

मंडळी, मासळी बर्फात कशी टिकते हे वरळी कोळीवाड्यात मी सांगायला नको. पण तीच मासळी शीतगृहात गेली की ती जागा कायद्याच्या नजरेत कारखाना होऊ शकते, हे ठाऊक आहे? १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि शीतगृहातली साठवण 'उत्पादन प्रक्रिया' ठरली. कामगारांची ठरलेली संख्या भरली, की कारखाना! शेजारच्या गोदामात सुकी मासळी किंवा तांदूळ नुसता ठेवला, तर मात्र दुकानांचा कायदा. म्हणजे कायद्यानं आधी माल पाहिला, तो वाहणारा माणूस नंतर.

आता भिवंडीच्या गोदामांकडे बघा. गोण्यांची थप्पी कोसळते, फोर्कलिफ्ट मागे येताना माणूस चिरडतो. तिथं गारठा नसेल, धोका आहेच.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दहा कामगारांच्या आस्थापनेलाही ती लागू होते. आवारातल्या माणसांची जबाबदारी, मालकाला त्यांची माहिती असो वा नसो, मालकावरच. हे चांगलंच झालं. पण पुढे वाचा. मालाची हाताळणी आणि साठवण सुरक्षित ठेवा, असं तपशिलात सांगताना कायदा नावं घेतो ती कारखाना, खाण, गोदी, बांधकाम आणि मळ्याची. साठवणीचा नियम, आणि गोदामाचं नावच नाही!

दुसरी अडचण 'मालक' कोण ही. जागा एकाची, माल दुसऱ्याचा, माणसं कंत्राटदाराची, हुकूम मुकादमाचा. कारखाना नसेल तिथं संहिता कारभारावर अंतिम ताबा असलेल्याला मालक मानते. पण कुणाच्या कारभारावर? इथंच प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आपल्याकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे. नोंदणी झालेल्या हमालाला त्यानं अपघाताच्या भरपाईचा हक्क दिला. मोठंच काम. पण भरपाई हाड मोडल्यावर मिळते. थप्पी किती उंच लावायची, हे आधी कुणी ठरवायचं?

कर्तव्य मोडल्यानं मृत्यू झाला तर संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लिहिली, आरोपी शोधायचा राहिला. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: नियमांत गोदामाचं नाव घाला, आणि आवारावर ज्याचा रोजचा ताबा, त्यालाच पहिला जबाबदार धरा. बाकीच्यांचे करार त्यांनी आपसात निस्तरावेत.