घड्याळाशीं शर्यत आणि आमचें धांवण्याचें वाङ्मय

गेल्या पंधरावीस वर्षांत मराठींत गद्याचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. त्याला अजून नांव मिळालेलें नाहीं. आम्ही सोयीसाठीं त्याला धांवण्याचें वाङ्मय म्हणतों. दिवाळी अंकांत, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत आणि शर्यतींच्या स्मरणिकांत हे लेख येतात व त्यांचा सांचा बहुधा एकच असतो. चाळिशीच्या घरांतला कोणी डॉक्टर, अभियंता किंवा बँकेंतला अधिकारी एके दिवशीं वजनकांट्यावर उभा राहून दचकतो. दुसऱ्या दिवशीं पहांटे बुटांची नवी जोडी घालून घराबाहेर पडतो. पांच, दहा, एकवीस असे टप्पे चढत बेचाळीस किलोमीटरांच्या पूर्ण शर्यतीपर्यंत पोंचतो. आणि येथपर्यंत सर्व ठीक असतांना त्याच्या डोक्यांत एक आंकडा शिरतो. हा आंकडा म्हणजे पात्रतेचा वेळ. येथून पुढें लेखाची कथा व्हावयास पाहिजे. परंतु ती होत नाहीं. ती कां होत नाहीं ह्याचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

हा आंकडा बहुतेक वेळां अमेरिकेंतील बोस्टनहून आलेला असतो. तेथील शर्यत १८९७ पासून चालू आहे. १९७० सालीं तेथें प्रथम अट घालण्यांत आली कीं, चार तासांच्या आंत अंतर काटण्याची तयारी असल्याचा दाखला असल्याशिवाय प्रवेश नाहीं. पुढें ही अट कडक होत गेली. २०२६ च्या शर्यतीसाठीं पस्तिशीच्या आंतील पुरुषांस २ तास ५५ मिनिटें व स्त्रियांस ३ तास २५ मिनिटें अशी मर्यादा होती. पण तेवढ्यानेंही भागत नाहीं. अर्ज जागांहून अधिक येतात, म्हणून त्यांतले अधिक वेगवान तेवढे निवडले जातात. २०२५ सालीं मर्यादेपेक्षां ६ मिनिटें ५१ सेकंद आणि २०२६ सालीं ४ मिनिटें ३४ सेकंद चलाख असणारासच आंत घेतलें गेलें. म्हणजे ज्या रेषेसाठीं माणूस दोन दोन वर्षें झिजतो ती रेषा तो पोंचेपर्यंत पुढें सरकलेली असते! शोकांतिकेला ह्याहून चांगलें बीज कोणतें हवें? पण आमचा लेखक त्या जागीं येतो आणि गुडघ्यावरचे उपाय, आहारांतील प्रथिनें व बुटांच्या तळव्यांची जाडी सांगूं लागतो. त्याला वाचकास रडवावयाचें नसतें, सुधारावयाचें असतें.

दोष केवळ लेखकाच्या कुवतीचा आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. विषयांतच एक अडचण आहे, आणि ती आमच्या जुन्या काव्यशास्त्राच्या भाषेंत नीट मांडतां येते. वीररसाचा स्थायीभाव उत्साह. त्याला आलंबन पाहिजे. युद्धवीराला शत्रु असतो, दानवीराला याचक असतो, दयावीराला दीन असतो. धांवणाराला कोण आहे? शर्यतींत पुढें पळणारा दुसरा गडी असेल तर प्रश्न मिटतो. पण पात्रतेच्या वेळासाठीं धांवणाराच्या शेजारीं जे हजारों लोक असतात ते त्याचे प्रतिस्पर्धी नसतात, सोबतीही नसतात. त्याचें आलंबन मनगटावर बांधलेलें असतें. घड्याळाला क्रोध येत नाहीं, दया येत नाहीं, तें थकत नाहीं. अशा निर्विकार वस्तूवर रस उभा करावयाचा तर तिच्यामागें कांहीं मानवी वस्तु असावी लागते: ज्याच्यासाठीं तो सेकंद हवा आहे असें पोट, मान, भय किंवा वय. ती नसेल तर उरते ती केवळ बेरीज-वजाबाकी.

गंमत अशी कीं, ही शर्यत मुळांत वाङ्मयाचेंच अपत्य आहे. हिरोडोटसाच्या इतिहासांत मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सला धांवत येऊन जयवार्ता सांगून प्राण सोडणारा दूत नाहींच. त्याचा दूत अथेन्सहून स्पार्टाला मदत मागावयास गेला आणि दुसऱ्या दिवशीं पोंचला. प्राण सोडणारा दूत येतो तो कित्येक शतकांनंतर, प्लुटार्क व लूशियन ह्यांच्या लेखनांत. १८७९ सालीं ब्राउनिंगनें दोन्ही धांवा एकाच माणसाच्या नांवावर घालून कविता केली; पुढें मिशेल ब्रेआल ह्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून १८९६ च्या ऑलिंपिकांत ही शर्यत ठेवण्यांत आली. ती स्पिरिडन लुईस नांवाच्या ग्रीक गड्यानें २ तास ५८ मिनिटें ५० सेकंदांत जिंकली. ४२ किलोमीटर १९५ मीटर हें अंतर तर १९०८ च्या लंडन येथील शर्यतीचें; तें कायम झालें १९२१ सालीं. जुन्या ग्रीकांनीं ऑलिंपिकांतील विजेत्यांचीं नांवें जपलीं, परंतु वेळ नोंदविले नाहींत. नोंदविण्याचें साधनच त्यांच्याजवळ नव्हतें. त्या कथेंतल्या दूतालाही कोणी किती मिनिटें लागलीं म्हणून विचारलें नाहीं. त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं होतें, एवढेंच महत्त्वाचें होतें.

आतां हा विचार पुण्यामुंबईच्या स्मरणिका बाजूस ठेवून धाराशिव जिल्ह्यांत करून पाहूं. (२०२३ पर्यंत सरकारी कागदांत ह्याचें नांव उस्मानाबाद होतें.) ह्या जिल्ह्यास धांवणें नवीन नाहीं. नवरात्राच्या सुमारास तुळजापुराहून भवानीची ज्योत घेऊन तरुणांचीं मंडळें आपापल्या गांवीं धांवत जातात. ज्योत एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते, पाय बहुधा अनवाणी असतात, मागून एखादा टेम्पो येत असतो. किती तासांत पोंचलों हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. ज्योत विझूं नये, हीच एक अट. आणि आश्विनांत कोजागिरीला सोलापुराहून तुळजापुरापर्यंत लाखों माणसें पायीं जातात. तें अंतर सुमारें पंचेचाळीस किलोमीटर आहे, म्हणजे मॅरेथॉनहून थोडें अधिकच! आम्ही एके वर्षीं त्या रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीशेजारीं बसून रात्र काढली. टाचेला फडकें बांधलेल्या म्हाताऱ्या, खांद्यावर पोर घेतलेले बाप, डांबरावर पाठ टेकून घटकाभर पडलेले विद्यार्थी असें सर्व पुढून जात होतें. किती वाजले हें त्या रात्रीं आम्हांस एकानेंही विचारलें नाहीं. चालण्याचें आमचें वाङ्मय समृद्ध आहे, वारीनें तें समृद्ध केलें आहे. आणि त्या चालण्यांत घड्याळ नाहीं ही गोष्ट आकस्मिक नव्हे.

पण त्याच रस्त्यावर, पहांटे साडेचारच्या सुमारास, उलट दिशेनें पांचसहा मुलें धांवत आलीं. त्यांचें देवीशीं कांहीं काम नव्हतें. त्यांतल्या एकाच्या हातांत मोबाइल होता आणि तो सेकंद मोजीत होता. हीं भरतीचीं मुलें. ज्यांनीं मराठवाड्यांत एकदां तरी पहांटे प्रवास केला आहे त्यांना हीं मुलें ठाऊक आहेत. सैन्याच्या भरतींत सोळाशें मीटर साडेपांच मिनिटांत काटले तर पूर्ण साठ गुण. एक सेकंद अधिक लागला कीं साठांचे अठ्ठेचाळीस होतात. पोलीस भरतीलाही पुरुषांस सोळाशें आणि स्त्रियांस आठशें मीटर आहेतच. तेथें घड्याळामागें सर्व कांहीं उभें आहे: बालाघाटाच्या पठारावरची दोनचार एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीनचा पडलेला भाव, बहिणीचें लग्न, आणि वयाची मर्यादा, जी दर वर्षीं एक वर्ष जवळ येते. बोस्टनची रेषा चुकली तर पुढल्या वर्षीं पुन्हां अर्ज करतां येतो; ह्या मुलांना पुढलें वर्ष मिळेलच असें नाहीं. काव्यशास्त्र ज्या आलंबनाचा शोध घेत होतें तें आम्हांला येथें सांपडलें. आणि नेमकें ह्याच धांवण्याविषयीं मराठींत वाङ्मय म्हणावें असें आमच्या पाहण्यांत फारसें नाहीं. जें आहे तें वृत्तांत, तेंही कोणी मैदानावर कोसळला तर.

सेकंदांत माणसाचें नशीब कसें मावतें ह्याचें उदाहरण शेजारच्याच बीड जिल्ह्यानें दिलें आहे. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचा अविनाश साबळे सैन्यांत गेला आणि तेथून धांवपटु झाला. २०१९ सालीं दोहा येथील जागतिक स्पर्धेंत त्यानें ३,००० मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटें २१.३७ सेकंदांत पुरी केली. टोकियो ऑलिंपिकसाठीं ठरविलेला वेळ ८ मिनिटें २२ सेकंद होता. अंतर अवघें ६३ शतांश सेकंदांचें. तेवढ्या वेळांत डोळ्याची पापणी एकदोनदां लवते. पुढें २०२० सालीं दिल्लींत अर्धमॅरेथॉन त्यानें १ तास ३० सेकंदांत काटली. नाशिकच्या कविता राऊतची गोष्ट ह्याहून मॅरेथॉनला जवळची. २०१६ च्या फेब्रुवारींत गुवाहाटी येथें तिनें २ तास ३८ मिनिटें ३८ सेकंद हा वेळ दिला आणि रिओचा दरवाजा उघडला, कारण स्त्रियांची मर्यादा तेव्हां २ तास ४५ मिनिटें होती. रिओच्या उन्हांत मात्र तिला त्याच अंतरास जवळजवळ तीन तास लागले व ती १२०वी आली. पात्रता मिळविणें आणि मिळविलेल्या जागीं उभें राहणें ह्यांत केवढी दरी आहे! ह्या दरीवर आमच्या पत्रकारांनीं टीका पुष्कळ केली. कादंबरी कोणी लिहिली असल्यास आमच्या वाचनांत नाहीं.

खरें म्हणजे भारताच्या संघाचा ऑलिंपिकांतला प्रवेशच एका घड्याळावरून झालेला आहे आणि ती कथा पुण्याची आहे. पहिलें महायुद्ध संपल्यावर डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकरी वर्गांतले गडी अनवाणी धांवले. त्यांचे वेळ युरोपांतल्या वेळांच्या आसपास जातात हें दोराबजी टाटांच्या व गव्हर्नर लॉइडच्या लक्षांत आलें, आणि त्यांतून १९२० सालीं अँटवर्पला माणसें पाठविण्याचें ठरलें. बेळगांवचे फडेप्पा चौगुले तेथें मॅरेथॉन धांवले आणि एकोणिसावे आले. त्यांना सुमारें २ तास ५० मिनिटें लागलीं. त्या वर्षीं अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर होतें, म्हणजे आजच्यापेक्षां अर्ध्या किलोमीटरहून अधिक. जिंकले ते फिनलंडचे कोलेमायनेन, २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत. चौगुल्यांच्या बरोबर गेलेल्या सदाशिव दातारांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. आम्हांला विशेष वाटतें तें ह्या दातारांचें. चौगुल्यांच्या नांवापुढें निदान एक आंकडा आहे. दातारांच्या नांवापुढें तोही नाहीं. ज्याला आपल्या कलेचा अभिमान आहे अशा कथालेखकानें चौगुल्यांना सोडून ह्या दुसऱ्या माणसामागें जावें.

२०२० सालीं आलेल्या नवीन देशबोईना ह्यांच्या 'लता भगवान करे' ह्या चित्रपटाचा येथें उल्लेख करणें अवश्य आहे, कारण मराठींत ह्या विषयावर जें थोडें उभें राहिलें त्यांत तो मोडतो. साठी ओलांडलेल्या, बारामतीस राहणाऱ्या लताबाई पतीच्या औषधोपचाराच्या पैशासाठीं २०१३ सालीं नऊवारी लुगड्यांत अनवाणी धांवल्या आणि जिंकल्या. चित्रपटांत त्यांची भूमिका त्यांनींच केली, व राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. ती शर्यत तीन किलोमीटरांची होती; तरी ती सर्वत्र मॅरेथॉन म्हणूनच सांगितली जाते. शब्दाचा हा सैल वापर आम्हांस खपत नाहीं, पण त्यामागचें सत्य आम्ही नाकारीत नाहीं: लोकांना अंतराशीं कर्तव्य नव्हतें, ती बाई कां धांवते हें त्यांना कळलें होतें. आमचा आक्षेप निराळा आहे. बाईंनीं शर्यत जिंकली नसती तर हा चित्रपट निघाला असता काय? जिंकलेल्या गरिबावर आपली कला चटकन लुब्ध होते. दुसरी आली असती तरी गरज तेवढीच राहिली असती.

ह्या बाबतींत जपानी कादंबरीकार मुराकामी ह्यांचें २००७ सालचें धांवण्याविषयींचें पुस्तक आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें. तेंही सुखवस्तु माणसाचेंच पुस्तक आहे आणि त्यांत कोणाच्या पोटाचा प्रश्न नाहीं. परंतु वय वाढतें तसा वेळ मंदावत जातो, कितीही सराव केला तरी जुना आंकडा परत येत नाहीं, ही गोष्ट तें पुस्तक लपवीत नाहीं. आमच्या लेखांत शेवटीं आंकडा येतोच येतो. ज्याला आंकडा मिळाला नाहीं तो लेखच लिहीत नाहीं, आणि संपादकही त्याच्याकडे मागत नाहीं. निम्मा दोष ह्या ठिकाणीं आहे असें आमचें मत आहे.

त्या पहांटे टपरीवर थांबलेल्या मुलांपैकीं एकानें आम्हांस आपली वही दाखविली. शंभर पानांची शाळेची वही. डावीकडे तारीख, उजवीकडे मिनिटें व सेकंद, आणि मध्यें क्वचित् एखादा शब्द. पहिल्या पानावर सहा मिनिटांच्या पुढचे आंकडे होते. मग ते पांच-पन्नास, पांच-चव्वेचाळीस असे हळूहळू उतरत आले होते. मध्यें पंधरा दिवस आंकड्यांची जागा रिकामी होती आणि तेथें फक्त काढणी असें लिहिलेलें होतें. पुढें आंकडे पुन्हां चढले, पुन्हां उतरले. पांच-तेहेतीसवर येऊन मात्र महिनाभर हलेनात. एका ओळीवर दोन रेघा मारून ती खोडली होती, पण खालचा आंकडा वाचतां येत होता: पांच-एकोणतीस. हा कां खोडला म्हणून आम्ही विचारलें. तेव्हां तो मुलगा म्हणाला कीं, त्या दिवशीं अंतर नीट मोजलें नव्हतें. रस्त्यावरचा मैलाचा दगड कोणीतरी हलविला होता.