मदत कुणाला, हे मिसळीच्या टेबलावर ठरतं तेव्हा

समजा, तुमच्या सायकल क्लबची वार्षिक राइड झाली. पन्हाळ्याचा घाट चढून सगळे सुखरूप खाली आले, खर्च जाऊन थोडे पैसे उरले आणि मिसळ खाताना प्रश्न निघाला: हे पैसे द्यायचे कुणाला? एक म्हणतो, "आमच्या घराजवळ अंध मुलांची शाळा आहे." दुसरा म्हणतो, "माझ्या मित्राची संस्था आहे, माणूस एकदम चोख." तिसरा म्हणतो, "झाडं लावूया, फोटो पण भारी येतात." जादा कट टेबलावर यायच्या आत निर्णय झालेलासुद्धा असतो.

यात चुकलं काय? पैसे चांगल्या कामालाच गेले ना? गेले की. पण संस्था निवडताना आपण नेमकं काय करतो यावर एक चांगला अभ्यास आहे. तो आधी सांगते, आणि मग त्याच्याशी माझं भांडण काय आहे तेही.

ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठाच्या संशोधक बेथ ब्रीझ यांनी नियमित देणगी देणाऱ्या ६० जणांच्या मुलाखती घेतल्या. २०१० साली 'हाऊ डोनर्स चूज चॅरिटीज' हा अहवाल आला. आपण गरज बघून देतो असं आपल्याला मनापासून वाटत असतं. निवड मात्र बऱ्याचदा चार वेगळ्याच गोष्टींवर ठरते: स्वतःची आवड, स्वतःचं आयुष्य आणि ओळखीपाळखी, संस्था कितपत कार्यक्षम वाटते, आणि आपल्या पैशाने काही फरक पडलेला दिसेल का. आता वरचं टेबल पुन्हा आठवा. घराजवळची शाळा, मित्राची संस्था, चोख माणूस, झाडाशेजारचा फोटो. चारही कारणं हजर!

इथवर मला अहवाल पटतो. अडचण पुढे आहे. ब्रीझ यांनी एकेकट्या देणगीदारांशी बोलून हे शोधलं. क्लब म्हणजे एक माणूस नव्हे. तुम्हाला वाटेल, दहा डोकी एकत्र आली की एकेकाच्या आवडीनिवडी आपोआप कापल्या जातील. मला उलटं वाटतं. गटात तेच नाव टिकतं ज्याला कुणीच नको म्हणणार नाही. दप्तरं, वह्या, रोपं यांना कोण विरोध करणार? व्यसनमुक्तीचं काम, तुरुंगातून सुटून आलेल्यांचं काम, अशी नावं निघाली की टेबलावर जरा शांतता पसरते आणि कुणीतरी म्हणतं, "पुढच्या वर्षी बघू." ते 'पुढचं वर्ष' काही येत नाही.

दुसरी गोष्ट सायकलवाल्यांच्या खास सवयीची. आपण चढाच्या शोधात असतो. म्हणून पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा, राधानगरी. चाकं पश्चिमेकडे वळतात. पूर्वेला शिरोळ तालुका सपाट, तिथे घाटाची मजा नाही. पण नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच पट्ट्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. आपल्याला माहीत असलेली गरज ही आपल्या रूटवरची गरज असते. रूट तर आपण हौसेसाठी आखलेला असतो.

"अहो, पैसे आमचे, हौस आमची," असं कुणी म्हणेल. दान ऐच्छिक आहे, ते कर नव्हे, हे मान्य. पण नोंदणी फी भरणाऱ्याला तुम्ही 'समाजासाठी राइड' असं सांगितलंय. प्रायोजकाने त्याच नावावर पैसे दिलेत, चौकात पोलिसांनी तुमच्यासाठी वाहतूक थांबवलीय. मग ही निवड नुसती खासगी हौस कशी राहील?

निवडीचा वेगळा निकष याच शहरात होऊन गेलाय. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम विद्यार्थ्यांची वसतिगृहं झाली, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९०२ मध्ये रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम निघाला. त्यामागचा प्रश्न 'मला कोण आवडतं' हा नव्हता, 'अजून कोण आत आलेलं नाही' हा होता. महाराजांच्या हाती सत्ता होती, क्लबच्या हाती नाही, हे खरं. पण प्रश्न विचारायला सत्ता कुठे लागते?

मग ओळखीपाळखी अगदीच वाईट का? नाही, आणि इथे मला माझंच म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतं. 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही कोल्हापूरची संस्था १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी उभी केली. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात, आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची'. गरज ज्यांची, काम त्यांनीच ठरवलेलं. आता सायकलवाल्याला काय कळतं? चाक कळतं. बेअरिंग, पंक्चर, स्पोक. अशा ठिकाणी जाऊन "तुम्हाला काय लागतं?" एवढं विचारलं, तर कदाचित चेकपेक्षा महिन्यातून एका रविवारी पाना घेऊन येणं जास्त उपयोगी, असंही उत्तर मिळेल. आपली ओळख, पण प्रश्नाचं उत्तर त्यांचं. हा फरक ब्रीझ यांच्या चार कारणांत बसत नाही, कारण तिथे बोलतो तो फक्त देणारा.

तेव्हा पुढच्या मीटिंगला एवढं करून बघा. नावं घेण्याआधी निकष कागदावर लिहा. क्लबबाहेरचा, ज्याला अशी मदत कधी घ्यावी लागलीय असा एक माणूस बैठकीला बोलवा आणि त्याला आधी बोलू द्या. ज्यांना 'नाही' म्हटलं त्यांची नावं कारणासकट लिहून ठेवा. आणि वर्षातून एक राइड शिरोळकडे काढा. चढ नाही, हे मान्य. पण कुणाला मदत करायची याची तुमची यादी त्या रस्त्यावर नक्की बदलेल.