नाना शंकरशेट यांची चरित्रे : कर्तृत्वाच्या वाटणीचा प्रश्न

इ. स. १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळ्याचे बेट पोर्तुगीजांकडून घेतले व तेथे नव्याने किल्ला उभारला. त्याच्या दरवाजावरील शिलालेखात आज्ञा देणारे बाजीराव आणि ती पार पाडणारे शंकराजी केशव यांचे स्थान वेगवेगळे राखलेले आहे. शिलालेखासारख्या स्तुतिपर लेखनातही जो विवेक पाळला गेला, तो आपल्या चरित्रकारांना पुष्कळदा साधत नाही. याच ठाणे जिल्ह्यातील (अर्नाळा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे) मुरबाडच्या मुरकुटे घराण्यातले जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) यांच्याविषयीचे लेखन पाहिले म्हणजे ही उणीव विशेष जाणवते.

नानांनी रेल्वे आणली, हे विधान आता जवळजवळ म्हणीसारखे रूढ झाले आहे. १८४५ च्या सुमारास मुंबईत लोहमार्गाची योजना निघाली तेव्हा जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांनी तिला पाठबळ दिले, हे खरेच. परंतु जी. आय. पी. कंपनी लंडनची, भांडवल मुख्यतः इंग्लंडातले, आणि १८४९ च्या करारान्वये त्यावर पाच टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीची. ते व्याज अखेर या देशाच्या महसुलातून जावयाचे होते. म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास गेलेल्या गाडीचे श्रेय जसे वाटावे लागते, तसा तिचा भारही कोणी वाहिला हे सांगावे लागते. गौरवाच्या भरात चरित्रकार हा दुसरा हिशेब मांडीत नाही. व्यापाऱ्याच्या चरित्रात हिशेबच गाळावा, हे नवल आहे.

याउलट, जेथे कर्तृत्व निःसंशय नानांचे आहे तेथे लेखणी आखडते. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष अर्स्किन पेरी शिक्षणाच्या माध्यमाबाबत इंग्रजीच्या बाजूने उभे असताना, १८४७ मध्ये नानांनी देशी भाषांचा पक्ष लेखी मांडला. फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा व कर्नल जर्व्हिस हे सभासद त्यांच्याच बाजूचे होते. नाना इंग्रजीचे शत्रू नव्हते; एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आधारस्तंभांपैकी ते एक. त्यांचे म्हणणे एवढेच की, बहुजनांपर्यंत ज्ञान जावयाचे तर ते त्यांच्या भाषेतून जावे. सरकारमान्य शेटियाने सरकारी अध्यक्षाविरुद्ध असे लिहावे, यात धैर्य होते आणि प्रतिष्ठेची जोखीमही होती. (त्यांच्या नावाची विख्यात शिष्यवृत्ती मात्र संस्कृतसाठी आहे!)

हा प्रसंग 'शैक्षणिक कार्य' या प्रकरणात दोन परिच्छेदांत उरकण्याजोगा नाही. १८५२ ची बॉम्बे असोसिएशन आणि १८६२ मधील कायदे कौन्सिलावरील नेमणूक यांकडे जाणारी वाट येथूनच सुरू होते. सत्तेशी सहकार्य न सोडता तिच्याशी मतभेद नोंदविण्याची रीत नानांनी प्रथम या वादात वापरली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. यापुढील चरित्रकाराने ठाण्याच्या गाडीआधी बोर्डाचे ते टिपण वाचावयास घ्यावे.