घड्याळाविना कालज्ञान : लहान राउटरवरील ‘जीपीएसडी’ची चिकित्सा

लहान बिनतारी राउटरवर जीपीएसचे सॉफ्टवेअर चालविता येते की नाही, हा प्रश्न आता विवाद्य राहिलेला नाही. ते चालते, आणि सुमारे वीस वर्षे चालत आलेले आहे. या विषयावरील बहुतेक लेखन मात्र अद्यापि याच पहिल्या प्रश्नाभोवती घुटमळताना दिसते. कोणत्या राउटरची स्मृती किती, कोणती तार कोठे जोडावयाची, कोणती आज्ञा द्यावयाची, हे क्रमाने सांगितले जाते. आणि पडद्यावर अक्षांश-रेखांश उमटले की विवेचन संपते. कृतीचे वर्णन म्हणून अशा लेखनाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याला मूल्यमापन म्हणता येणार नाही. यंत्र काम करते एवढ्यावरून ते कोणत्या कामी विश्वासार्ह आहे हे ठरत नाही. आणि यंत्र जितके लहान तितके हे दोन प्रश्न एकमेकांपासून दूर पडतात, असे या प्रकरणावरून दिसते.

या प्रयोगांचा आरंभ ज्या राउटरपासून झाला तो लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यातील सॉफ्टवेअर लिनक्सवर आधारलेले आहे हे २००३ मध्ये उघडकीस आले, आणि जीपीएल परवान्याच्या अटींनुसार त्याची मूळ संहिता प्रसिद्ध करावी लागली. त्या संहितेच्या आधाराने २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. चार मेगाबाइट फ्लॅश आणि सोळा मेगाबाइट रॅम एवढीच या राउटरच्या आरंभीच्या बहुतेक आवृत्त्यांची सामग्री. त्याच्या फलकावर दोन सीरियल पोर्ट होते, पण त्यांना बाहेर वाट दिलेली नव्हती. जोडणीची छिद्रे तेवढी रिकामी ठेवलेली होती. त्यांपैकी एक पोर्ट यंत्राच्या स्वतःच्या संभाषणासाठी गुंतलेला, दुसरा मोकळा. आणि या दुसऱ्याच पोर्टावर जीपीएस रिसीव्हर जोडला गेला. (ज्या फलकांवर एकच पोर्ट असतो तेथे एक विनोदी अडचण उद्भवते. यंत्र सुरू होताना ‘कोणतीही कळ दाबल्यास थांबेन’ अशा पवित्र्यात काही क्षण वाट पाहते, आणि रिसीव्हरकडून अखंड येणारी अक्षरे त्याला कळ दाबल्यासारखीच वाटतात. परिणामी यंत्र सुरूच होत नाही.)

या रिसीव्हरचे बोलणे ऐकणारा कार्यक्रम म्हणजे जीपीएसडी. रेम्को ट्रेफकॉर्न यांनी त्याची सुरुवात केली. २००४ पासून एरिक रेमंड यांच्या पुढाकाराने त्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्रचना झाली. त्यामागील कल्पना साधी आहे. सीरियल पोर्ट एका वेळी एकाच कार्यक्रमाने वाचावयाचा असतो. माहिती मात्र अनेकांना हवी असते. म्हणून एकाने ऐकावे आणि २९४७ क्रमांकाच्या पोर्टवर जो कोणी विचारील त्याला सांगावे. राउटरशी या कल्पनेचे जुळते ते येथे. अनेकांना एकाच वाटेने पोहोचविणे हा राउटरचा मूळ धर्मच आहे.

जीपीएसडीचा विशेष गुण म्हणजे त्याचा संशयीपणा. रिसीव्हर कोणत्या वेगाने आणि कोणत्या भाषेत बोलतो हे तो वापरणाऱ्याला विचारीत नाही. निरनिराळे वेग लावून पाहतो, येणाऱ्या अक्षरांच्या रूपावरून भाषा ओळखतो. एनएमईए ०१८३ या प्रचलित पद्धतीतील प्रत्येक वाक्य डॉलरचिन्हाने सुरू होते आणि त्याच्या शेवटी ताराचिन्हापुढे पडताळ्याचा आकडा असतो. तो जुळला नाही तर वाक्य त्याज्य. स्थान सांगतानाही ते किती मीटरने चुकू शकेल याचा अंदाज शक्य तेथे सोबत दिला जातो. त्यासाठी उपग्रहांच्या आकाशातील मांडणीवरून चार ओळी व चार स्तंभांच्या सारणीचे गणित करावे लागते. या राउटरच्या प्रक्रियकात अपूर्णांकांच्या गणिताची वेगळी सोय नाही, हा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो; परंतु असे गणित सेकंदातून एकदाच करावयाचे असल्यामुळे तो फारसा गंभीर नाही. यंत्राच्या अल्पशक्तीवरील बहुतेक आक्षेपांची गत हीच आहे.

अधिक विचारणीय प्रश्न प्रयोजनाचा आहे. भिंतीला टांगलेल्या राउटरला आपले अक्षांश-रेखांश दर सेकंदाला कळून काय साधावयाचे? तो जेथे काल होता तेथेच आज आहे. मोटारीत किंवा नौकेत बसविलेल्या राउटरची गोष्ट निराळी. तेथे एका रिसीव्हरवर अनेक प्रवाशांचे, नकाशांचे आणि नोंदींचे काम भागते. पण स्थिर राउटरला रिसीव्हर जोडणाऱ्यांचे लक्ष बहुधा स्थानाकडे नसून काळाकडे असते. प्रत्येक जीपीएस उपग्रहावर आण्विक घड्याळ आहे. अल्प खर्चाच्या, आवाज न करणाऱ्या, थोड्याशा विजेवर अहोरात्र चालणाऱ्या एका डबीतून त्या घड्याळाचा काळ साऱ्या जाळ्याला मिळावा, ही आकांक्षा निश्चितच आकर्षक आहे. आणि खरी परीक्षाही तिचीच व्हावयास हवी.

या परीक्षेचा पहिला भाग सूक्ष्म काळाचा. एनएमईएचा मूळ वेग ४८०० बॉड, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरे. एका वाक्याची कमाल मर्यादा ८२ अक्षरांची. म्हणजे पूर्ण लांबीचे एक वाक्य येण्यासच सुमारे एक षष्ठांश सेकंद लागतो. शिवाय दृष्टिपथात किती उपग्रह आहेत यावर वाक्यांची संख्या अवलंबून असल्यामुळे हा विलंब स्थिरही राहत नाही. ‘आता इतके वाजले आहेत’ हे वाक्य पुरे होईपर्यंत ते आता निघून गेलेले असते. यावर उपाय म्हणजे चांगल्या रिसीव्हरमधून दर सेकंदाच्या आरंभी निघणारा विद्युत्स्पंद. तो वेगळ्या तारेने राउटरच्या गाभ्यापर्यंत नेला तर चूक मायक्रोसेकंदांच्या घरात आणता येते. यूएसबीच्या वाटेने नेल्यास एक मिलिसेकंदाच्या आसपासची अनिश्चितता शिल्लक राहते. राउटरने अक्षरे फक्त पुढे ढकलावीत आणि अर्थ लावण्याचे काम मोठ्या संगणकाने करावे, असा एक पर्याय सुचविला जातो. स्थानापुरता तो निर्दोष आहे. काळापुरता तो टिकत नाही. कारण बिनतारी जाळ्यातून जाताना स्पंदाचा नेमकेपणाच हरवतो. स्पंद आणि त्याचा अर्थ लावणारा कार्यक्रम एकाच डबीत असावयास हवेत. येथपर्यंत निर्णय लहान राउटरच्या बाजूने जातो.

दुसरा भाग स्थूल काळाचा, म्हणजे दिनांकाचा. आणि खरी अडचण तेथे आहे. सामान्य राउटरला बॅटरीवर चालणारे स्वतःचे घड्याळ नसते. वीज गेली की त्याचे कालज्ञान संपते. वीज आल्यावर ओपनडब्ल्यूआरटी आपल्या मांडणीच्या संचिकांपैकी जी सर्वांत अलीकडे बदललेली असेल तिच्यावरील दिनांक पाहून घड्याळ तेथे लावते. म्हणजे मालकाने शेवटची मांडणी ज्या दिवशी बदलली त्या दिवशी राउटर जागा होतो. पुढचे सारे आकाशावर सोपविलेले.

आकाशातून येणारा काळही अपुराच येतो. जीपीएसची कालगणना ६ जानेवारी १९८० पासून आठवड्यांत चालते आणि मूळ संदेशात आठवड्याच्या क्रमांकासाठी दहाच द्विमान अंक राखलेले आहेत. त्यामुळे १०२४ आठवड्यांनी क्रमांक पुन्हा शून्यावर येतो. असे २१-२२ ऑगस्ट १९९९ च्या आणि ६-७ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री घडले. हे कोणते आवर्तन, हे उपग्रह सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने अन्य पुराव्यावरून ठरवावयाचे असते. घड्याळ असलेल्या संगणकाला तो पुरावा घरातच मिळतो. राउटरपाशी तो नसतो.

हा पुरावा जीपीएसडीने एका वेळी कोठून आणला, हे पाहण्यासारखे आहे. उपग्रह आठवड्याबरोबर लीप सेकंदांची संख्याही कळवितात. १ जानेवारी २०१७ पासून ती १८ आहे. भलत्याच पुढचा काळ सांगणारा रिसीव्हर ओळखता यावा म्हणून ३.२० पासून ३.२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एक तपासणी होती. तिचा आशय असा : २०२२ च्या अखेरीपर्यंत ही संख्या १९ होईल असे धरावे, म्हणून ती १९ हून कमी असताना आठवड्याचा क्रमांक २१८० च्या पुढे गेलेला दिसला तर तो चूक मानून त्यातून १०२४ वजा करावेत. यात दोन प्रमाद होते. २१८० वा आठवडा २०२२ अखेर येत नाही. तो २३ ऑक्टोबर २०२१ रोजीच संपला. आणि लीप सेकंद तर आलाच नाही. त्या वर्षांत पृथ्वीच्या परिवलनाची गती मंदावण्याऐवजी किंचित वाढलेली आढळत होती. परिणामी २४ ऑक्टोबर २०२१ रोजी या आवृत्त्या १० मार्च २००२ हा दिनांक सांगू लागणार हे ठरून गेले. हा दोष आगाऊ ध्यानी आला, ऑगस्ट २०२१ मध्ये ३.२३ ही दुरुस्त आवृत्ती निघाली, आणि अमेरिकेच्या सायबरसुरक्षा विभागाने त्या दिवसापूर्वी जाहीर इशाराही दिला, हे जीपीएसडीच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

प्रमाद गणनेचा म्हणून सोडून देण्यासारखा मात्र नाही. लीप सेकंदाची तुलना अधिक मासाशी करण्याचा मोह होतो, पण दोहोंत मूलभूत भेद आहे. अधिक मास केव्हा पडेल हे शेकडो वर्षे आधी गणिताने सांगता येते. लीप सेकंद पृथ्वीच्या प्रत्यक्ष गतीचे निरीक्षण करून सुमारे सहा महिने आधी जाहीर होतो. जे निरीक्षणावर अवलंबून आहे ते गणिताने गृहीत धरले गेले. पंचांगकर्त्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर दृक्प्रत्ययाला बाजूला सारून करणग्रंथाचे मत ग्राह्य मानले गेले. एका अक्षराचा पडताळा न जुळल्यास सारे वाक्य फेकून देणारा कार्यक्रम दिनांकाच्या बाबतीत साक्षीदाराचे खरे म्हणणे खोडून काढतो आणि त्या जागी स्वतःचा तर्क ठेवतो, ही विसंगती त्याच्या रचनेतील आहे. जीपीएसडीची चाचणीपद्धती तिला पकडण्यास असमर्थ होती हेही स्वाभाविकच. त्या पद्धतीत निरनिराळ्या रिसीव्हरांची पूर्वी नोंदून ठेवलेली संभाषणे पुन्हा ऐकविली जातात. आणि नोंदून ठेवलेले संभाषण भूतकाळातीलच असते.

हा दोष सर्व यंत्रांना सारखा बाधत नाही, हा मुद्दा येथे महत्त्वाचा. जाळ्यातील काळ राखणाऱ्या एनटीपी कार्यक्रमाला अनेक साक्षीदार असतील तर एकटा पडलेला जीपीएस खोटा ठरतो. याशिवाय हजार सेकंदांहून अधिक फरक दिसल्यास तो घड्याळ न बदलता स्वतःच थांबतो, असा एक पहारा त्याच्या मूळ रचनेत आहे. परंतु घड्याळ नसलेला राउटर सुरू होताना नेहमीच हजार सेकंदांहून अधिक चुकलेला असतो. म्हणून तेथे हा पहारा आरंभी एकदा उठविण्याची सूचना द्यावीच लागते. मग वीज एकदा जाऊन आली की साडेएकोणीस वर्षांची चूक निमूटपणे स्वीकारली जाते, आणि त्या राउटरला वेळ विचारणारा प्रत्येक संगणक २००२ मध्ये जाऊन बसतो. सुरक्षित व्यवहाराची प्रमाणपत्रे त्याला ‘अद्याप अमलात न आलेली’ दिसतात आणि ती अमान्य होतात. दुरुस्त आवृत्ती आणण्याची वाटही त्यामुळे बंद होऊ शकते.

लहान राउटरच्या ज्या गुणांची प्रशंसा केली जाते त्यांतच या धोक्याचे मूळ आहे. तो स्वस्त आहे, म्हणून एकटा ठेवला जातो. तो शांत आहे, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्याची फ्लॅश तोकडी आहे, म्हणून मूळ प्रतिमेत गुंफलेला कार्यक्रम बदलावयाचा झाल्यास नवी प्रत जुनीच्या जोडीला जागा अडविते आणि बहुधा सारे फर्मवेअर नव्याने भरावे लागते. हे काम पुढे ढकलले जाते. मोठ्या संगणकावरील दोष दुरुस्तीने संपतो. राउटरवरील दोष दुरुस्ती निघाल्यावरही माळ्यावर तसाच चालू राहतो.

तेव्हा जेथे इंटरनेट आहे तेथे अशा राउटरला निदान तीन बाहेरचे कालसेवक जोडून द्यावेत. सूक्ष्म काळ स्पंदाकडून आणि दिनांक बहुमताकडून घ्यावा. जेथे इंटरनेट नाही, आणि रिसीव्हरची खरी गरज तेथेच असते, तेथे काही रुपयांत मिळणारे बॅटरीचे घड्याळ फलकाला जोडल्याने वर्षाचा प्रश्न सुटतो. कारण १०२४ आठवड्यांचे आवर्तन ओळखण्यास काही महिन्यांची चूकही चालण्यासारखी आहे. चाचणीच्या बाबतीत मात्र नोंदींवर विसंबून भागणार नाही. पुढील काळाचे कृत्रिम संकेत निर्माण करून ते तारेने, किंवा बाहेर काहीही न झिरपेल अशा बंदिस्त पेटीत, रिसीव्हरला ऐकवावे लागतील. ऐकवावयाची पहिली रात्र उघड आहे : २० आणि २१ नोव्हेंबर २०३८ यांच्या मधली, जेव्हा दहा अंकांचा हा क्रमांक तिसऱ्यांदा शून्यावर येईल.