‘व्यसन’ हा गुण की दोष? : ऑनलाइन खेळांच्या परीक्षणासंबंधी काही विचार

राळेगणसिद्धीचे नाव एखाद्या समीक्षालेखाच्या आरंभी पाहून वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. पारनेर तालुक्यातील हे अवर्षणप्रवण गाव प्रसिद्ध झाले ते पाणलोटक्षेत्राच्या विकासामुळे, ग्रामसभेमुळे आणि १९७५च्या सुमारास सैन्यसेवेतून गावी परतलेल्या अण्णा हजारे यांच्या कार्यामुळे. साहित्यविचाराशी त्याचा काय संबंध? परंतु एका शब्दापुरता तो संबंध अत्यंत निकटचा आहे, असे आम्हांस वाटते. तो शब्द म्हणजे ‘नशा’. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान या राळेगणच्या पंचसूत्रीत हा शब्द अलंकार म्हणून आलेला नाही. गावातील दारूच्या भट्ट्या, त्यांपायी होणारे कर्ज आणि मोडणारे संसार असा त्याचा रोकडा अर्थ होता.

आता याच्या शेजारी आजचे एखादे ऑनलाइन खेळाचे परीक्षण ठेवून पाहावे. ‘एकदा हाती घेतला की सुटत नाही’, ‘अक्षरशः व्यसन लावणारा खेळ’ अशी वाक्ये त्यात आढळतात, आणि ती निंदेची नसून स्तुतीची असतात. त्याच खेळाविषयी पालक बोलू लागले म्हणजे मात्र तेच शब्द आरोपाच्या रूपाने येतात. एकच शब्द, कोणतेही विवेचन न होता, गुणवाचक आणि दोषवाचक अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो, तेव्हा समीक्षेने आपले काम सोडून दिले आहे असे समजावे. ऑनलाइन खेळाचे चांगले परीक्षण कसे लिहावे या प्रश्नाचे उत्तर आम्ही या शब्दापासूनच शोधू इच्छितो.

प्रथम खेळ म्हणजे काय याचा थोडा विचार केला पाहिजे. हौझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा संस्कृतीच्या मुळाशी आहे असे प्रतिपादन केले. रोझे कायवा यांनी १९५८ साली खेळांचे चार वर्ग कल्पिले : स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ. बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली खेळाची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. ही शेवटची व्याख्या परीक्षकाच्या फार उपयोगाची आहे. तिच्यात ‘अडथळा’ आणि ‘स्वेच्छा’ अशी दोन पदे आहेत. आजच्या परीक्षणांत चित्रे, ध्वनी, कथानक, नियंत्रणाची सुलभता असे रकाने भरून शेवटी पाचपैकी तारका दिल्या जातात. या पद्धतीत त्या दोन्ही पदांची चर्चा क्वचितच होते. ग्रंथपरीक्षणात कागद, छपाई आणि मुखपृष्ठ यांची तारीफ करून कादंबरीविषयी मौन पाळावे, तसाच हा प्रकार होय.

खेळाचा अर्थ त्याच्या नियमांत असतो, याचे उत्तम उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते त्या मोक्षपटात सद्गुण ही शिडी आहे आणि दुर्गुण हा साप. तत्त्वज्ञान तेथे पटावर चिकटवलेले नाही. सोंगटीच्या चढण्या-उतरण्यातच ते घडते. पुढे सद्गुण-दुर्गुणांची नावे पुसली गेली आणि मुलांची सापशिडी उरली. नियम तेच राहिले, पण त्यांचा संदर्भ गेला. नियम आणि कल्पना यांचा सांधा कोठे जुळतो व कोठे निखळतो हे पाहणे, हे परीक्षकाचे पहिले काम.

पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेचा ‘इंडस बॅटल रॉयल’ हा खेळ १६ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. भारतीय पुराणकल्पना आणि भविष्यकालीन विज्ञान यांची सांगड घालण्याचा त्याचा संकल्प आहे. या खेळाविषयी ‘भारतीय वातावरण सुंदर उभे केले आहे’ एवढे लिहून भागणार नाही. वेष, शिल्प आणि नावे भारतीय असली, तरी शेवटचा जिवंत उरेल तो विजयी, हा नियम मात्र या प्रकारातील परदेशी खेळांचाच असेल, तर भारतीयत्व हे केवळ नेपथ्य ठरते. परंतु या खेळात कॉस्मियम नावाची वस्तू हस्तगत करूनही विजय मिळविता येतो. येथे कल्पनेने नियमात प्रवेश केला आहे. तो प्रवेश डावाची लय खरोखर बदलतो, की शेवटच्या चकमकीस केवळ नवे निमित्त पुरवितो, हा खरा समीक्षेचा प्रश्न होय. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे उपयोगी पडतील. लपणे आणि धावणे, संचय आणि धोका यांचा विरोध डावात कसा मांडला आहे व त्याचा तोल कोठे साधला आहे, हे दाखविता आले तर त्या परीक्षणात तारकांची गरज उरणार नाही.

दुसरे काम पुराव्याचे. नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१६ साली काढलेला ‘लुडो किंग’ २०२०च्या टाळेबंदीत घरोघर पोहोचला. अशा खेळांविषयी ‘फासा लबाड आहे’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. परीक्षकाने ती पुन्हा सांगू नये आणि खोटीही ठरवू नये, मोजणी करावी. सहाशे फेकींची नोंद केली तर प्रत्येक दान सरासरीने शंभर वेळा पडावे. तथापि निर्दोष फाशातही ही संख्या सुमारे ८२ ते ११८च्या दरम्यान हलणे स्वाभाविक आहे, आणि सहांपैकी एखादे दान या मर्यादेच्या किंचित बाहेर गेले तरी तेवढ्यावरून आरोप सिद्ध होत नाही. वीस डाव हरलेल्या मनाची साक्ष आणि सहाशे फेकींची वही यांतील अंतर ज्याला कळले, त्याच्या मतास वजन येते.

तिसरे काम हिशेबाचे, आणि येथे राळेगणचे दुसरे स्मरण होते. गावाचा जमाखर्च गावासमोर उघडा असावा हा आग्रह पुढे महाराष्ट्रातील माहितीच्या अधिकाराच्या आंदोलनापर्यंत गेला; २००५ साली देशाचा कायदा झाला. ऑनलाइन खेळातही झाकलेला जमाखर्च असतो. खेळ फुकट मिळतो. मग पैसा कोठून येतो? समोरचा प्रतिस्पर्धी माणूस आहे की यंत्राने चालविलेली बाहुली? बंद पेटी विकत घेतली तर हवी ती वस्तू निघण्याचा संभव किती? अशा पेट्यांतील संभाव्यता जाहीर करण्याचे बंधन चीनने २०१७ साली घातले. बेल्जियमने २०१८ साली काही खेळांतील पेट्या जुगाराच्या कक्षेत धरल्या. जे खेळाडूस दिसत नाही ते दिसते करणे, हे परीक्षकाचे कर्तव्य आहे.

यावर कोणी म्हणेल, की हे काम कायद्याचे आहे. परंतु कायद्याची दृष्टी आणि समीक्षेची दृष्टी भिन्न आहे. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात आणि १९६७ साली रमीसंबंधीच्या सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि दैव असा भेद विचारात घेतला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळविषयक अधिनियमाने तो भेद बाजूस सारला. पैसा लावून पैसा जिंकण्याचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, त्याने निषिद्ध मानले. ई-क्रीडा आणि सामाजिक खेळ यांस मात्र मान्यता दिली. म्हणजे ‘पण लावला आहे काय?’ येथे कायद्याचा प्रश्न संपतो. जेथे पण नाही, पैसा परत मिळण्याची आशाही नाही, पण वेळ आणि लक्ष यांचा अखंड व्यय आहे, तेथे कायदा सामान्यतः बोलत नाही. समीक्षेचे क्षेत्र नेमके तेथून सुरू होते.

आता मूळ शब्दाकडे वळू. नताशा डाउ शुल यांनी लास व्हेगासमधील जुगारयंत्रांवर २०१२ साली लिहिलेल्या ग्रंथात असे दाखविले, की तेथील अनेक खेळाडू जिंकण्यासाठी खेळत नव्हते. खेळत राहता यावे यासाठी खेळत होते. रस आणि नशा यांतील भेद येथे स्पष्ट होतो. रसास विषय असतो. नशेस केवळ सातत्य हवे असते. चांगला डाव संपल्यावर त्याचा आकार स्मरणात राहतो : कोठे चूक झाली, कोणती खेळी सुचली, सोबत्याने कोठे हात दिला. नशेच्या तीन तासांनंतर सांगण्यासारखे काही उरत नाही. यास्तव परीक्षकाने सूट्स यांच्या ‘अडथळ्या’चे दोन प्रकार करावेत : खेळातील अडथळे आणि खेळातून बाहेर पडण्यातील अडथळे. रोज हजेरी लावल्यास मिळणारे बक्षीस, एक दिवस चुकल्यास तुटणारी साखळी, मुदतीत न घेतल्यास नाहीशी होणारी वस्तू, अपरात्री वाजणारी सूचना, हे सर्व दुसऱ्या प्रकारचे अडथळे होत. सूट्स यांच्या व्याख्येतील ‘स्वेच्छा’ यांनीच क्षीण होते. हे विवेचन नीतीच्या आधारावर केलेले नाही. ज्या व्याख्येने ती कृती खेळ ठरते तिच्याच आधारावर ते केले आहे, हे ध्यानात घ्यावे.

याच ठिकाणी एक इशाराही राळेगणकडूनच घ्यावा लागतो. तेथे मद्यप्यांस खांबाला बांधून फटके देण्याचा मार्गही अवलंबिला गेला, आणि त्यावर कठोर टीका झाली. परीक्षकाच्या हाती चाबूक नसावा. खेळणाऱ्याची हेटाळणी करणारे परीक्षण खेळणारा वाचत नाही, आणि न खेळणाऱ्यास त्याची गरज नसते. परीक्षकाने स्वतः खेळले पाहिजे, आणि किती तास खेळलो, किती रुपये खर्चले, कोणत्या यंत्रावर व कोणत्या जोडणीवर खेळलो, आणि थांबावेसे वाटले तेव्हा थांबता आले की नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परीक्षकाची साक्ष हाच येथे पहिला पुरावा असतो.

शेवटचा मुद्दा काळाचा. ग्रंथ कपाटात राहतो. ऑनलाइन खेळ राहत नाही. ‘पबजी मोबाइल’वर २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात बंदी आली. त्याच्या जागी २ जुलै २०२१ रोजी आलेला ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ जुलै २०२२मध्ये दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३मध्ये परतला. ‘एपेक्स लेजंड्स मोबाइल’ हा खेळ तर २०२२च्या मे महिन्यात येऊन २०२३च्या मे महिन्यात कायमचा बंद पडला. जे टिकतात तेही दर काही आठवड्यांनी बदलतात. म्हणून परीक्षणावर तारीख आणि आवृत्ती असलीच पाहिजे. ८ जुलै १९२१च्या ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग पुन्हा पाहता येत नाही, त्या रात्रीविषयी आपणास जे ठाऊक आहे ते पाहणाऱ्यांनी नोंदविले म्हणूनच. खेळांच्या परीक्षणांनाही उद्या हेच स्थान प्राप्त होणार आहे. खेळ गेल्यावर तो कसा खेळला जात होता, लोक त्यात कोणाबरोबर रमत होते आणि कशात अडकत होते, हे सांगणारा कागद तेवढा उरेल.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पदव्युत्तर वर्गातील अभ्यासकांनी एखाद्या खेळाचे परीक्षण लिहिताना ‘व्यसन’ हा शब्द लेखणीवर येताच क्षणभर थांबावे, तो खोडावा, आणि त्याच्या जागी काय घडले ते लिहावे : कोणता नियम आवडला, कोणत्या युक्तीने धरून ठेवले, आणि या दोहोंपैकी आपण कशासाठी परतलो. ज्या परीक्षणात हा भेद उमटेल ते वाचून खेळणाऱ्यास आपलाच खेळ अधिक स्पष्ट दिसेल. मग तो पुढे खेळो वा न खेळो. निर्णय त्याच्या स्वेच्छेचा असेल.