आज्ञापत्रातील प्रधानसंस्था आणि रोमन सिनेट

शिवकालीन अष्टप्रधान मंडळाची रोमन सिनेटशी तुलना करण्याचा मोह होतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'च्या आधारे पाहता ही तुलना टिकत नाही. सिनेट विधिदृष्ट्या सल्लागार सभाच होती. तथापि प्रजासत्ताकाच्या काळात खजिना, परराष्ट्रव्यवहार व प्रांतांची वाटणी यांवर तिचाच प्रभाव असे. कॉन्सल दरवर्षी बदलत, सिनेटर सामान्यतः आजीवन राहत. तिचे सामर्थ्य या सातत्यात होते. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी प्रतिष्ठा पावलेले अष्टप्रधान मात्र सभा म्हणून नव्हे, तर व्यक्तिशः राजास उत्तरदायी होते.

१७१५ च्या सुमारास करवीरकर संभाजी महाराजांच्या नावे सिद्ध झालेले आज्ञापत्र प्रधानास राज्याचा आधार मानते. पण त्यातील उपदेश मुख्यत्वे राजास आहे: प्रधान कसा निवडावा, कसा राखावा. वतनदारांस ते राज्याचे वाटेकरी समजते आणि त्यांस मर्यादेत ठेवण्यास सांगते. हे विवेचन ग्रंथातील सर्वांत भेदक होय. मात्र सांगणारा तटस्थ नाही. राजाराम महाराज जिंजीस असता 'हुकूमतपनाह' म्हणून महाराष्ट्राचा कारभार याच अमात्यांनी पाहिला आणि मोगलांकडे जाणाऱ्यांस रोखण्यासाठी वतने देण्याचे धोरण त्याच काळात बळावले. वतनदारास आवरणारा प्रधान स्वतःच वंशपरंपरागत झाला तर त्यास कोणी आवरावे, या प्रश्नापाशी ग्रंथाची धार बोथट होते. बावड्याची जहागीर पुढे अमात्य घराण्यातच वंशपरंपरेने चालली.